अंत्युखियाची मंडळी : पहिली चार शतके

मंडळीच्या स्मरणिकेत पहिला लेख सहसा वास्तूचा असतो. कोनशिला कोणत्या साली बसली, घंटा कोणी दिली, कौले काढून पत्रे कधी घातले, वेदीमागची रंगीत काच कोणाच्या स्मरणार्थ आहे, हे सगळे त्यात येते आणि यायलाही हवे. या लेखात मात्र जिला पहिल्या पिढ्यांत स्वतःची वास्तूच नव्हती, अशा एका मंडळीचा इतिहास दिला आहे. सिरियातील अंत्युखिया शहराची ही मंडळी. ख्रिस्ती मंडळी यरुशलेमेत जन्माला आली, हे आपण दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या सणाला आठवतो. पण यहूदी समाजाची वेस ओलांडून ती जगात निघाली, ती अंत्युखियातून. आपल्या मराठी मंडळ्या कोणत्याही मिशनने स्थापलेल्या असोत, त्यांच्या वंशावळीत मागे मागे गेले की हे शहर येतेच.

या मंडळीच्या चार शतकांचा हिशेब मांडला तर त्यात दोन खाती दिसतात. पैसा, माणसे, पत्रे असे जे तिने बाहेर दिले, त्याने ती मोठी झाली. आसन आणि इमारत असे जे आपल्याकडेच राहावे म्हणून ती भांडली, त्यात तिची ताकद खर्ची पडली. पुढचा वृत्तांत या दोन खात्यांचाच आहे.

शहर

सिकंदराचा सेनापती सेल्युकस याने इ. स. पूर्व ३०० मध्ये ओरोंतेस नदीच्या काठी हे शहर वसवले आणि त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले. भूमध्य समुद्र तेथून सुमारे २५ किलोमीटर. सिलूकिया हे त्याचे बंदर. इ. स. पूर्व ६४ मध्ये पाँपीने सिरिया रोमन राज्याला जोडला आणि अंत्युखिया त्या प्रांताची राजधानी झाली. यहूदी इतिहासकार योसेफस याने रोम आणि आलेक्सांद्रिया यांच्या खालोखाल तिसरा मान या शहराला दिला आहे. ग्रीक सरदार, सिरियन शेतकरी आणि कारागीर, रोमन शिपाई, यहूदी व्यापारी अशी सगळी मिसळ येथे होती. पश्चिमेला समुद्राची वाट आणि पूर्वेला फरात नदीकडे जाणारे काफिल्यांचे रस्ते, यांच्या सांध्यावर शहर बसले होते.

येथील यहूद्यांची वस्ती जुनी आणि मोठी होती. त्यांच्या सभास्थानांत ग्रीक लोकही येऊन बसत, असे योसेफस लिहितो. काही जण पुढे जाऊन यहूदी धर्म स्वीकारत. अशांपैकी एक नीकलाव. यरुशलेमेच्या मंडळीने गरीब विधवांच्या वाटणीवर देखरेख करायला सात जण निवडले, त्या यादीत अंत्युखियाचा हा नीकलाव शेवटचा आहे. म्हणजे अंत्युखियात मंडळी स्थापन होण्याआधीच अंत्युखियाचा एक माणूस मंडळीच्या कामाला लागला होता, आणि ते काम जेवण वाढण्याचे होते.

संस्थापकांची नावे नाहीत

त्या सातांपैकी स्तेफनाला यरुशलेमेत दगडमार झाला आणि छळ सुरू झाला. विश्वासणारे पांगले. काही जण समुद्रकाठाने फेनिकेला गेले, काही कुप्र बेटावर, काही यरुशलेमेपासून सुमारे ५०० किलोमीटर उत्तरेला अंत्युखियाला. ज्या गावी गेले तेथे ते येशूबद्दल बोलत, पण केवळ यहूद्यांशी. अंत्युखियात मात्र कुप्र आणि कुरेने येथून आलेल्या काही जणांनी ग्रीक लोकांनाही सांगायला सुरुवात केली, आणि पुष्कळ लोक वळले.

हे काही जण कोण? प्रेषितांच्या कृत्यांत लूकने त्यांची नावे दिलेली नाहीत. ते प्रेषित नव्हते. त्यांना कोणी नेमलेले नव्हते, कोणाचे शिफारसपत्र त्यांच्यापाशी नव्हते. घरदार सुटलेली ही माणसे होती. इ. स. ४० च्या आसपास त्यांनी जे केले त्याने ख्रिस्ती मंडळीचा पुढचा सगळा इतिहास बदलला, आणि संस्थापक म्हणून त्यांच्यातल्या एकाचेही नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही.

बातमी यरुशलेमेला पोचली. तेथील मंडळीने पाहणीसाठी बर्णबाला पाठवले. निवड नेमकी होती. बर्णबा मूळचा कुप्र बेटावरचा लेवी. आपले शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवलेला. आलेल्या पाहुण्याने चुका काढल्या असत्या तर काम तेथेच थांबले असते. बर्णबाने पाहिले, आनंद मानला आणि एकट्याने हे झेपणार नाही हे ओळखले. तो तार्सस येथे गेला, पूर्वी मंडळीचा छळ केलेल्या शौलाला शोधून काढले आणि घेऊन आला. दोघांनी एक वर्षभर लोकांना शिकवले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळाले ते याच शहरात.

पहिली वर्गणी

या मंडळीचा पहिला सामुदायिक ठराव आपल्याला माहीत आहे. यरुशलेमेहून अगब नावाचा संदेष्टा आला आणि मोठा दुष्काळ पडणार असे त्याने सांगितले. तो दुष्काळ सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत, इ. स. ४५ ते ४८ च्या सुमारास यहूदीयात पडला. योसेफसही त्याची हकीकत देतो; अदियाबेनेची राणी हेलेना हिने मिसरातून धान्य आणि कुप्रातून सुके अंजीर मागवून यरुशलेमेतील लोकांना वाटले, असे तो सांगतो. अंत्युखियाच्या शिष्यांनी ठरवले की प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यावे. जमलेली रक्कम बर्णबा आणि शौल यांच्या हाती यहूदीयातील वडिलांकडे पाठवली.

यात लक्षात घेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, वर्गणीचा दर ठरलेला नव्हता. ऐपत हेच माप होते. दुसरी, पैसा दोघांच्या हाती गेला आणि तिकडे वडिलांच्या स्वाधीन झाला, म्हणजे देण्याघेण्याला साक्षीदार होते. तिसरी सर्वांत महत्त्वाची. मदत नव्या मंडळीकडून मातृमंडळीकडे गेली. आपल्या मराठी मंडळ्यांना दीर्घकाळ परदेशी मिशनकडून पैसा येण्याची सवय होती. अंत्युखियाची मंडळी काही वर्षांचीच होती, तिच्यात पुष्कळ लोक यहूद्यांच्या दृष्टीने परके होते, तरी तिचा पहिला खर्च स्वतःवर झाला नाही.

पाचांतले दोन

मंडळीत तेव्हा पाच संदेष्टे आणि शिक्षक होते, आणि त्यांची यादी वाचली की शहराची वस्तीच डोळ्यांसमोर येते. कुप्रचा लेवी बर्णबा. निग्र, म्हणजे काळा, म्हटलेला शिमोन. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा लूक्य कुरेनेकर. मांडलिक हेरोदाचा दूधभाऊ मनाएन. आणि तार्ससचा शौल. राजवाड्यात वाढलेला माणूस आणि तंबू शिवून पोट भरणारा माणूस एकाच मंडळीत शिकवत होते.

उपास आणि प्रार्थना चालू असताना बर्णबा आणि शौल यांना कामासाठी वेगळे करावे असा पवित्र आत्म्याचा संदेश मंडळीला मिळाला. त्यांनी दोघांवर हात ठेवले आणि त्यांना जाऊ दिले. पाचांतले दोन, आणि तेही सर्वांत अनुभवी. कोणत्याही पंचकमिटीला विचारून पाहा, अशा दोघांना एकदम सोडायला किती सभासद हात वर करतील.

सिलूकियाहून जहाजाने कुप्र, तेथे सलमीन आणि पफे. मग पिर्गा, पिसिदियातील दुसरे अंत्युखिया, इकुन्या, लुस्त्र, दर्बे. लुस्त्रात आधी देव म्हणून त्यांची पूजा होऊ लागली आणि नंतर त्याच गावात शौलाला, ज्याला आता पौल म्हणत, दगड मारून मेला समजून बाहेर टाकले. ते परत आले ते अंत्युखियालाच. त्यांनी सगळ्या मंडळीला एकत्र बोलावून झालेले सांगितले. मंडळीने पाठवायचे आणि परत आलेल्याने मंडळीला अहवाल द्यायचा, ही रीत तेथे पडली. पौलाच्या पुढच्या दोन फेऱ्याही याच शहरातून सुरू झाल्या.

हा विस्तार कसा झाला, याचे उत्तर प्रवासवर्णनातच आहे. रोमन रस्ते आणि जहाजे होती. बाजारपेठेपासून दरबारापर्यंत ग्रीक भाषा चालत होती. बहुतेक मोठ्या गावांत यहूद्यांचे सभास्थान होते, तेथे पहिले बोलणे होई. तेथून बाहेर पडावे लागले की कोणाचे तरी घर उघडे. फिलिप्पैत जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया, करिंथात तंबू शिवणारे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी आपापली घरे दिली. व्यापारी, कारागीर, सुटलेले गुलाम आणि विधवा ज्या वाटेने जात त्या वाटेने मंडळी जाई. मागे राहिलेल्यांना धरून ठेवायला पत्रे होती.

पंगतीचा वाद

परक्यांना आत घेतले, पण कोणत्या अटीवर? यहूदीयाहून काही जण अंत्युखियाला आले आणि सुंता झाल्याशिवाय तारण नाही असे शिकवू लागले. मोठा वाद झाला. मंडळीने पौल, बर्णबा आणि आणखी काही जणांना यरुशलेमेला पाठवले. इ. स. ४९ च्या सुमारास तेथे प्रेषित आणि वडील यांची सभा झाली. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, आणि येशूचा भाऊ याकोब याने निर्णय मांडला. परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे घालायचे नाही. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि जारकर्म, एवढे त्यांनी टाळावे. निर्णयाचे पत्र अंत्युखिया, सिरिया आणि किलिकिया येथील परराष्ट्रीय बांधवांच्या नावे होते. यहूदा आणि सीला ते घेऊन आले. पत्र वाचून दाखवल्यावर मंडळीला आनंद झाला.

तत्त्व ठरले तरी ताट वाढण्याची वेळ वेगळी असते. पेत्र अंत्युखियात आला तेव्हा परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली आणि तो मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी विश्वासणारेही सरले. बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर विरोध केला. ही हकीकत त्याने स्वतःच गलतीकरांस पत्रात लिहिली आहे. हा प्रसंग सभेच्या आधीचा की नंतरचा, याबाबत अभ्यासकांची मते वेगळी आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे वजन समजावून सांगावे लागत नाही. पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसतो, यावर आपल्याकडे माणसाची जात, मान आणि नशीब ठरत आले. मंडळीच्या सर्वांत मोठ्या प्रेषिताची परीक्षाही जेवणाच्या पाटावरच झाली. ती पंगत मोडली असती तर अंत्युखियात दोन मंडळ्या झाल्या असत्या, एक सुंता झालेल्यांची आणि एक उरलेल्यांची. एकच राहिली, म्हणून ख्रिस्ती धर्म यहूदी धर्माचा एक पंथ होऊन थांबला नाही.

पाहुणे, अध्यक्ष आणि सेवक

प्रेषितांची पिढी संपल्यावर रोजच्या कारभाराचे प्रश्न आले. ‘डिडाखे’ म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण हे छोटे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचे. पुष्कळ अभ्यासक त्याचा उगम सिरियाच्या परिसरात मानतात. बाप्तिस्मा कसा द्यावा, उपास कोणत्या वारी करावा, प्रभुभोजनाच्या वेळी कोणती प्रार्थना म्हणावी, हे त्यात आहे. फिरत्या उपदेशकांविषयीचे नियम तर आजच्या कमिटीलाही वाचून दाखवावेत असे आहेत. आलेल्याला प्रेमाने घ्यावे. एक दिवस, गरज असली तर दोन दिवस ठेवावे. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. जाताना भाकर द्यावी. पैसे मागितले तर तोही खोटाच. पाहुण्याला राहून जायचे असेल तर त्याने धंदा करून खावे.

हळूहळू फिरत्या शिक्षकांची जागा स्थानिक पुढाऱ्यांनी घेतली. एक अध्यक्ष म्हणजे बिशप, त्याच्याबरोबर वडील, आणि कामाला सेवक, ही तिहेरी रचना स्पष्टपणे पहिल्यांदा दिसते ती अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत. चौथ्या शतकातला इतिहासकार युसीबियस पेत्रानंतर एवोदियस आणि मग इग्नेशियस असा क्रम देतो. सम्राट त्रायानाच्या काळात इग्नेशियसला पकडून दहा शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेले. तेथे रानटी जनावरांपुढे टाकण्याची शिक्षा होती. वाटेत स्मुर्णा आणि त्रोवस येथे मुक्काम पडले, तेथून त्याने सात पत्रे लिहिली. इफिस, मॅग्नेशिया, त्राल्लेस आणि रोम येथील मंडळ्यांना स्मुर्णाहून. फिलदेल्फिया, स्मुर्णा आणि स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प यांना त्रोवसाहून. आपली सुटका करण्याची खटपट करू नका, अशी विनंती त्याने रोमकरांना केली.

मरणाच्या वाटेवरचा हा माणूस पॉलिकार्पला कारभाराच्या गोष्टी लिहितो. विधवांची आबाळ होऊ देऊ नकोस. सभा वारंवार घे आणि प्रत्येकाला नावाने बोलाव. गुलामांना तुच्छ लेखू नकोस. पण मंडळीच्या पैशाने आपली सुटका व्हावी असा आग्रह त्यांनीही धरू नये. या ओळीवरून मंडळ्यांकडे सामाईक निधी असे आणि त्यातून माणसे सोडवून आणली जात, हे कळते. त्रोवसाहून इग्नेशियस आणखी एक निरोप धाडत राहिला : माझ्या मागे अंत्युखियाच्या मंडळीत शांतता झाली आहे, तेव्हा तेथे तुमचा प्रतिनिधी पाठवा.

दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात बिशप थियोफिलस याने ऑटोलिकस नावाच्या मूर्तिपूजक मित्राला उद्देशून तीन ग्रंथ लिहिले. पुढे बिशप झालेला सेरापियन हा जबाबदार माणूस. जवळच्या रॉसस गावच्या मंडळीत पेत्राच्या नावावरचे एक शुभवर्तमान वाचले जाई. सेरापियनने पुस्तक न पाहताच परवानगी दिली होती. नंतर स्वतः वाचून पाहिले, त्यातल्या खटकणाऱ्या जागा टिपून काढल्या आणि मंडळीला तसे लेखी कळवले. कोणती पुस्तके मंडळीत वाचायची, हे अशा वाचनातून ठरत गेले.

घर कोणाचे?

तिसऱ्या शतकात मंडळीजवळ इमारती आल्या. सिरियाच्या पूर्व टोकाला फरात नदीवर दुरा युरोपोस येथे उत्खननात सापडलेले घर इ. स. २४० च्या सुमाराचे. साध्या घराच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केली आहे आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड, भिंतींवर चित्रे. साठ-सत्तर माणसे दाटीने बसतील एवढी जागा. अंत्युखियाच्या मंडळीचे घर यापेक्षा मोठे असणार, कारण तिचा बिशप आता शहरातला वजनदार माणूस झाला होता.

इ. स. २६० च्या सुमारास समोसाताचा पौल बिशप झाला. बिशपपदाबरोबर तो सरकारी अंमलदारही होता. उंच चौथऱ्यावर आसन, भोवती माणसांचा गराडा, प्रवचनाला टाळ्या वाजवल्या नाहीत तर राग, अशी त्याची तक्रार इतर बिशपांनी लिहून ठेवली आहे. येशूच्या स्वरूपाविषयीचे त्याचे मतही त्यांना मान्य नव्हते. २६८ च्या सभेत माल्खियन या विद्वान वडिलाने लघुलेखक बसवून त्याच्याशी वाद केला आणि त्याची मते कागदावर आणली. पौलाला पदावरून काढले, त्याच्या जागी डोम्नस आला. पण पौलाने मंडळीचे घर सोडले नाही.

शेवटी मंडळीने सम्राटाकडे दाद मागितली. इ. स. २७२ मध्ये अंत्युखिया परत जिंकलेल्या ऑरेलियनने निकाल दिला : इटलीतील आणि रोममधील बिशप ज्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवतात, घर त्यांना द्यावे. हा सम्राट ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती लोकांनी आपल्या मालमत्तेचा तंटा रोमन सम्राटापुढे नेल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. विश्वस्त, बिशप आणि न्यायालय यांच्या फेऱ्यांत सापडलेल्या मिळकती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तिसऱ्या शतकातला हा खटला परका वाटणार नाही.

कैद्यांबरोबर पूर्वेकडे

याच काळात मंडळी एका वेगळ्या वाटेने पसरली. इराणचा सासानी राजा शापूर याने तिसऱ्या शतकाच्या मध्यास अंत्युखिया जिंकून हजारो लोकांना कैद करून नेले आणि खुझिस्तानात गुंदेशापूर येथे वसवले. त्यांत ख्रिस्ती होते. बिशप देमेत्रियन त्यांच्याबरोबर गेला असे नंतरच्या बखरी सांगतात. पर्शियातील मंडळीत या कैद्यांमुळे मोठी भर पडली. पुढे पर्शियाची मंडळी समुद्रमार्गाने भारताशी जोडली गेली. सहाव्या शतकात आलेक्सांद्रियाचा व्यापारी कॉस्मास याने मलबारातील ख्रिस्ती लोकांचा उल्लेख केला, आणि कल्लियाना येथे पर्शियात दीक्षा घेतलेला बिशप आहे असे लिहिले. कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातले आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात.

छळ, राजाश्रय आणि चार बिशप

अंत्युखियाने छळ पुष्कळ पाहिला. इ. स. २५० मध्ये सम्राट देकियुसने केलेल्या छळात बिशप बाबिलास तुरुंगात मेला. सम्राट डायोक्लेशियनने चालवलेला छळ ३०३ मध्ये सुरू झाला. पवित्र शास्त्राच्या ग्रीक प्रतींचे संपादन करणारा अंत्युखियाचा वडील लुशियन ३१२ मध्ये निकोमेडियात मारला गेला. पुढच्याच वर्षी, ३१३ मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती लोकांना मोकळीक आणि त्यांच्या जप्त मिळकती परत दिल्या.

३२५ मध्ये निकेयाच्या सभेने रोम आणि आलेक्सांद्रियाबरोबर अंत्युखियाचा जुना मान मान्य केला. कॉन्स्टंटाइनने ३२७ मध्ये शहरात अष्टकोनी महामंदिराचे काम काढले. सोन्याच्या मुलाम्यामुळे लोक त्याला सुवर्णमंदिर म्हणत. त्याचे समर्पण ३४१ मध्ये त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत झाले, तेव्हा नव्वदाहून अधिक बिशप जमले होते. तीन शतके घरांत भरलेल्या मंडळीला आता असे देखणे मंदिर मिळाले.

आणि याच मंदिराच्या सावलीत ती फुटली. निकेयाचे मत मानणारा बिशप युस्टाथियस याला काढून टाकल्यापासून शहरात गट पडले. ३७० च्या दशकात अंत्युखियाच्या आसनावर हक्क सांगणारे एकाच वेळी चार जण होते, आणि त्यांतले मेलेशियस आणि पॉलिनस हे दोघे तर एकच विश्वासमत मानणारे होते. हा तंटा पुरता मिटायला पाचव्या शतकाचे दुसरे दशक उजाडले. ज्या मंडळीत एका पंगतीसाठी पौलाने पेत्राला अडवायला कमी केले नाही, तिला एका आसनावर दोन समविचारी माणसांतला एक निवडता आला नाही.

शत्रूचे प्रशस्तिपत्र

तरीही देण्याचे खाते चालूच राहिले. सम्राट जुलियन ३६२ मध्ये अंत्युखियात येऊन राहिला. त्याला जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू करायची होती. शहराजवळच्या दाफ्नेच्या उपवनातून त्याने बाबिलासच्या अस्थी हलवल्या. त्यानंतर तेथील अपोलोचे मंदिर जळाले आणि रागाने त्याने सुवर्णमंदिर बंद केले. याच जुलियनच्या नावावरच्या एका पत्रात गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याकडे तक्रार आहे, की हे गालीली लोक आपल्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आमच्या लोकांना मात्र आमच्याकडून काही मिळत नाही. मंडळीच्या विरोधकाच्या नावावरच्या पत्रात आलेल्या या कबुलीइतके खात्रीचे प्रमाणपत्र मिळणे कठीण.

त्या पोसण्याचा आकडा अंत्युखियातच जन्मलेल्या योहान क्रिसोस्तोमने दिला आहे. ३८६ मध्ये तो तेथे वडील झाला आणि बारा वर्षे प्रवचने करत राहिला. मत्तयावरच्या एका प्रवचनात तो सांगतो की मंडळीचे उत्पन्न एखाद्या श्रीमंताच्या, तोही फार बडा नव्हे, मिळकतीएवढे आहे, तरी यादीत नोंदलेल्या ३००० विधवा आणि कुमारी यांना रोज अन्न मिळते. शिवाय कैदी, आजारी, प्रवासी आणि अपंग आहेतच. मग तो श्रोत्यांकडे वळतो : तुमच्यातल्या दहा जणांनी जरी असा खर्च केला तर शहरात एकही गरीब राहणार नाही.

३८७ मध्ये नव्या कराविरुद्ध दंगल झाली आणि लोकांनी सम्राट थियोडोशियस आणि त्याच्या कुटुंबाचे पुतळे पाडले. शहर जाळले जाईल या भीतीने माणसे डोंगरात पळाली. म्हातारा बिशप फ्लावियन उपासकाळात, बहीण मरणशय्येवर असताना, माफी मागायला कॉन्स्टँटिनोपलला निघाला. मागे योहान रोज लोकांना धीर देत होता आणि त्यांच्याच शपथा घेण्याच्या सवयीवर, लोभावर बोलतही होता. फ्लावियन माफी घेऊन परतला. दहा वर्षांनी मंडळीला पुन्हा आपला सर्वांत मोठा माणूस द्यावा लागला. योहानला राजधानीचा बिशप म्हणून नेले, आणि तेथील दरबाराशी न जमल्याने ४०७ मध्ये तो हद्दपारीत मेला.

आज

पुढचा इतिहास मोठा आहे आणि येथे त्याला जागा नाही. ५२६ च्या भूकंपाने शहर उद्ध्वस्त केले. पाचव्या-सहाव्या शतकांतल्या वादांनी ग्रीक आणि सिरियाक मंडळ्या वेगळ्या झाल्या. आज अंत्युखियाचे पेट्रिआर्क ही पदवी पाच वेगवेगळ्या मंडळ्यांचे प्रमुख लावतात, आणि त्यांच्यातला एकही अंत्युखियात राहत नाही. केरळातील सिरियाक परंपरेच्या मंडळ्यांतून ही पदवी मुंबई-पुण्यातल्या मल्याळी देवळांतल्या उपासनेतही ऐकू येते. तुर्कस्तानातल्या हाताय प्रांतात अंताक्या या नावाने हे शहर उभे होते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्याचा मोठा भाग कोसळला, त्यात पेत्र आणि पौल यांच्या नावाचे ग्रीक ऑर्थोडॉक्स मंदिरही गेले.

सुवर्णमंदिराचा दगडही आज कोणाला दाखवता येत नाही. पण दुष्काळासाठी पाठवलेली वर्गणी, पाचांतून सोडलेली दोन माणसे, इग्नेशियसची सात पत्रे आणि ३००० नावांची यादी, यांची नोंद दोन हजार वर्षांनंतरही आपण वाचतो. या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी आहे आणि मंदिराच्या दुरुस्तीचा जमाखर्चही आहे. पाळक, पंचकमिटी आणि सभासद यांना एकच विनंती. पुढच्या वर्षीच्या वार्षिक अहवालात याच दोहोंशेजारी आणखी दोन पाने असू द्यावीत : मंडळीने वर्षभरात ज्यांना अन्न, औषध आणि शिक्षण दिले त्यांची संख्या, आणि मंडळीने ज्यांना बाहेरच्या कामासाठी पाठवले त्यांची नावे. ती पाने कोरी राहिली, तर जमाखर्च कितीही चोख असला तरी अहवाल अपुरा समजावा.